दिवे लागल्यावर

सिनेमा संपला रे संपला, कीं उठून चालूं लागणाऱ्या मंडळींपैकीं मी एक होतों. पडद्यावर शेवटचा शत्रू कोसळला, नायकानें कपाळावरचें रक्त पुसलें आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीं अक्षरें वर सरकूं लागलीं, कीं माझा हात आपोआप पायांपाशीं ठेवलेल्या पिशवीकडे जाई. इतरांच्या आधीं खालीं पोंचलें म्हणजे वाहनतळावरून गाडी लौकर निघते, हा त्या घाईचा व्यावहारिक अर्थ; आणि जें पाहायचें तें पाहून झालें, आतां उरलीं तीं नुसतीं नांवें, हा तात्त्विक अर्थ. ज्या माणसांना आपण ओळखत नाहीं त्यांचीं नांवें वाचण्यांत कोणता आनंद आहे? लग्नपत्रिकेंतील निमंत्रकांची यादी तरी आपण कोठें पुरती वाचतों?

आतां मात्र मी शेवटपर्यंत बसतों. दिवे लागतात, झाडू घेतलेला मुलगा खुर्च्यांखालीं सांडलेल्या लाह्या गोळा करीत माझ्या रांगेपर्यंत येतो, "काका, संपला पिक्चर," असें मोठ्या अदबीनें सांगतो, तरी मी बसलेलाच असतों. हा बदल कसा झाला तें सांगण्यापूर्वीं माझ्या सिनेमा पाहण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

मी कांहीं जाणकार नव्हे. महिना-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारीं घरांतील कोणीतरी तिकिटें काढतें आणि मी त्यांच्या मागून चालूं लागतों. निवडीचा अधिकार तरुणांकडे असल्यामुळें गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या वाट्याला मुख्यतः दोनच जातींचे चित्रपट आले आहेत : एक मारामारीचे आणि दुसरे अद्भुताचे. अभ्यास नसला तरी मतें मात्र मला भरपूर आहेत. किंबहुना अभ्यास नसला म्हणजे मतें बनण्याला वेळ कमी लागतो, असा पुण्यांत राहून झालेला माझा अनुभव आहे.

मारामारीच्या चित्रपटांविषयीं माझी पहिली तक्रार अशी, कीं त्यांत मरण फार स्वस्त झालें आहे. नायक एका दमांत चाळीस माणसें लोळवतो, आणि त्या चाळिसांपैकीं एकाच्याही घरीं निरोप पाठवावा लागत नाहीं. गगनाला भिडलेल्या इमारती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळतात. पण त्यांतील बिऱ्हाडकरूंनीं त्या रात्रीं कोठें पाठ टेकली याचा कोठेंही उल्लेख नसतो. ज्यानें आयुष्यांत एकदां तरी घरदुरुस्ती काढली आहे, त्याला असा विध्वंस निश्चिंत मनानें पाहतां येत नाहीं. दुसरी तक्रार आवाजाची. कान बधिर झाले म्हणजे पराक्रम पाहिला, असा कांहींतरी समज ह्या मंडळींनीं करून घेतलेला दिसतो. शांततेचा एक क्षण आला, कीं तो आपल्या हातून चुकून राहून गेला असावा, अशा लगबगीनें ते तो भरून काढतात.

पण तक्रार करणाऱ्या माणसानें अपवाद लपवूं नयेत. 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' (२०१५) हा चित्रपट मीं निव्वळ नाइलाजानें पाहिला. कथानक म्हणाल तर एवढेंच, कीं कांहीं बायका एका जुलमी सत्ताधीशाच्या तावडींतून एका प्रचंड ट्रकमधून पळतात आणि तो त्यांच्या पाठीस लागतो. ज्या हिरव्या भूमीच्या आशेनें त्या निघाल्या ती उरलेलीच नाहीं, असें अर्ध्या वाटेवर त्यांना कळतें, आणि मग गाडी वळवून त्या जेथून निघाल्या तेथेंच परत येतात. म्हणजे दोन तासांचा नुसता पाठलाग! तरी मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलों होतों. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे शिक्षणानें डॉक्टर. शरीर आपटलें म्हणजे त्याचें काय होतें, हें ज्यानें पाहिलें आहे अशा माणसाचा हात त्या चित्रपटांत जाणवतो. नामिबियाच्या वाळवंटांत खरोखरीच्या गाड्या खरोखरीच एकमेकींवर घातल्या आहेत. तेथें पडणाऱ्या माणसाला वजन आहे. आणि पळून जाण्याहून परत फिरण्याला अधिक धैर्य लागतें, ही गोष्ट इतक्या धुरळ्यांतून इतकी स्वच्छ दिसावी, याचें मला अजून नवल वाटतें. 'टॉप गन : मॅव्हरिक' (२०२२) मधील नटांना लढाऊ विमानांच्या मागच्या आसनांवर बसवून खरोखर उडवलें होतें, वेगाच्या भारानें त्यांचे गाल ओढले जातात तेव्हां आपल्याही पोटांत खड्डा पडतो. कथा तशी बेताचीच. पण गाल खोटें बोलत नाहींत.

'आरआरआर' (२०२२) ह्या तेलुगु चित्रपटाविषयीं आमच्या घरांत आठवडाभर वाद चालला होता. त्यांत पुलावर आगगाडी पेटते, खालीं नदींत एक पोर ज्वाळांनीं वेढलें जातें, आणि एकमेकांना न ओळखणारे दोन तरुण दुरून नुसत्या खुणा करून एकाच दोराचीं दोन टोकें आपल्या कमरांना बांधतात. एक घोड्यावरून, एक फटफटीवरून, पुलाच्या दोन्ही बाजूंनीं खालीं झेपावतात आणि लोलकासारखे झोके घेत त्या पोराला उचलतात. पदार्थविज्ञानाचा एकही नियम त्या प्रसंगांतून जिवंत सुटत नाहीं. तरी मी टाळ्या वाजवल्या. दोघे धांवत होते ते कोणाला मारायला नव्हे, वांचवायला, एवढेंच माझें समर्थन. त्याच चित्रपटांतील 'नाटू नाटू' ह्या गाण्याला २०२३ सालीं ऑस्कर मिळालें. तें गाणें ज्या निळसर प्रासादापुढें नाचलें गेलें, तो युक्रेनची राजधानी कीव्ह येथील राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद. चित्रीकरण २०२१ च्या ऑगस्टमधलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें त्या देशावर रशियाची स्वारी झाली, आणि मार्चमध्यें चित्रपट आपल्याकडे पडद्यावर आला. हें मला मागाहून कळलें. तेव्हांपासून तो नाच पाहतांना माझें लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांवरून मागच्या खिडक्यांकडे जातें.

अद्भुताच्या चित्रपटांविषयीं माझें मत थोडें निराळें आहे. ज्या जगांत कांहींही होऊं शकतें, त्या जगांत काय होईल याची काळजी वाटत नाहीं. म्हणून अद्भुताला कायदा पाहिजे, आणि तो आपल्या म्युनिसिपालिटीच्या कायद्याहून कडक पाहिजे. 'ड्यून' (२०२१ व २०२४) मधील वाळवंटांत तालावर पाऊल टाकलें, कीं वाळूखालच्या महाकाय अळीला चाहूल लागते. म्हणून तेथील लोक मुद्दाम बेताल चालतात. एवढ्या एका नियमानें सारें वाळवंट खरें होऊन जातें. (बेताल चालण्याची विद्या आमच्या पदपथांवर शिकवावी लागत नाहीं, हा भाग निराळा.) 'तुंबाड' (२०१८) तर ह्या बाबतींत मला सर्वांत सरस वाटला. कोंकणांतील न थांबणारा पाऊस, पडका वाडा, विहिरीच्या पोटांत बसलेला भुकेला हस्तर, त्याला भुलवायला न्यावी लागणारी कणकेची बाहुली, आणि तो ती खाण्यांत गुंतला असतां त्याच्या कमरेच्या वस्त्रांतून पडतील तेवढ्याच मोहरा पळवायच्या. बाहुली एक, मोहरा मूठभर. अधिक हांव धरून पोरगा अधिक बाहुल्या नेतो आणि तेथेंच सर्वनाश ओढवतो. राक्षस कितीही मोठा असो, भीति वाटते ती त्या बापाच्या आणि मुलाच्या डोळ्यांतील हिशेबाची. हा चित्रपट प्रथम आला तेव्हां आमच्यासारख्यांनीं तो पाहिला नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत पुन्हा लागला तेव्हां गर्दी लोटली, आणि पहिल्या वेळेहून अधिक पैसा त्यानें दुसऱ्या वेळीं मिळविला. चांगल्या वस्तूला दुसरी संधि मिळाल्याचें असें उदाहरण विरळाच.

अद्भुताची ही आवड आपल्याकडे नवी थोडीच आहे? दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ सालीं पडद्यावर लंका जाळली आणि १९१९ सालीं स्वतःच्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून कालियाच्या फणीवर नाचविलें. प्रभातच्या 'संत तुकारामां'त (१९३६) तुकोबांना न्यायला विमान येतें. माझ्या आईनें तो चित्रपट लहानपणीं गांवच्या जत्रेंतल्या तंबूंत पाहिला होता. विमान आलें तेव्हां बायका हात जोडून उभ्या राहिल्या, असें ती सांगे. "तें खोटं होतं हें का आम्हांला कळत नव्हतं?" असेंही ती पुढें म्हणे. "पण जिजाई मागं राहिली ना, तें खरं होतं." त्या विमानाचे कारागीर पुण्यांतच, आज जेथें फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारांत, राबत असत. लांकूड, कापड, रंग, दोऱ्या, कप्प्या. माणसांच्या हातांनीं ओढलेला चमत्कार!

आणि येथेंच माझ्या तोंडून चूक झाली.

तीन-चार वर्षांपूर्वींची दिवाळी. ताईकडे फराळाला आम्ही सारे जमलों होतों. बोलतां बोलतां विषय सिनेमावर आला आणि मीं माझें ठेवणींतलें मत बाहेर काढलें : "पूर्वीच्या चमत्काराला घाम लागत असे. आतां काय, संगणकाचें बटण दाबलें कीं डोंगर उडाला. त्यांत माणसाचें काय?" सर्वांनीं माना डोलविल्या. ताईची मुलगी, माझी भाची, समोर चकलीचे तुकडे करीत बसली होती. ती मुंबईला अशाच एका कंपनींत, परदेशी चित्रपटांचें हें संगणकाचें काम करते, हें मला ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि त्या वेळीं आठवणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ती कांहींच बोलली नाहीं. दोन दिवसांच्या रजेवर आलेली होती आणि डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें होतीं.

दुपारीं सर्वजण लवंडल्यावर ती संगणक घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, कंपनींतलं काम मला दाखवतां येत नाहीं. पण हें बघ." आई केस विंचरतांना तिनें फोनवर टिपलेलें पांच सेकंदांचें चित्र होतें तें. "एका सेकंदाला चोवीस चित्रं. म्हणजे हीं झालीं एकशेंवीस. आतां ह्यांतून आईचा हात तेवढा कापून वेगळा काढ. मागं आपल्याला समुद्र घालायचाय असं समज."

मला गंमत वाटली. बोटांच्या कडेकडेनें ठिपके देत जायचें, ठिपक्यांना जोडणारी रेघ बोटाच्या वळणाला नीट बसवायची, मग पुढच्या चित्रांत हात केसभर सरकलेला, कीं सारे ठिपके पुन्हा सरकवायचे. अर्ध्या तासांत माझीं दोन चित्रें झालीं, आणि त्यांतल्या एकांत मीं ताईचा अंगठा कापला होता.

"केस कधीं काढायचे?" मीं विचारलें.

"ते रात्रीं," ती म्हणाली. "केसांना फार वेळ लागतो."

मग तिनें आपलें काम मला समजावून सांगितलें. नायक कड्यावरून उडी घेतो तेव्हां त्याला धरून ठेवणारे दोर असतात. ते दोर चित्राचित्रांतून पुसायचे, आणि दोरामागें झांकलेलें आभाळ, झाड, भिंत, जें असेल तें नव्यानें भरून काढायचें. "काम चांगलं झालं म्हणजे मी तिथं होतें हें कुणालाच कळत नाहीं," ती म्हणाली. "कळलं तर चुकलं." हें तिनें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं, एखाद्या सुतारानें सांधा दिसतां कामा नये म्हणावें, तसें सांगितलें. मला माझें सकाळचें वाक्य आठवलें आणि चकलीचा तुकडा घशांत अडकावा तसें झालें.

त्या दिवसापासून मी ह्या धंद्याविषयीं मिळेल तें वाचूं लागलों. 'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधील वाघ आपण सर्वांनीं पाहिला. तो वाघ ज्या कंपनीनें निर्माण केला, तिच्या कचेऱ्या मुंबई-हैदराबादेंतही होत्या. २०१३ च्या फेब्रुवारींत त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यांत त्या वाघाला ऑस्कर मिळालें. बक्षीस स्वीकारतांना तिच्या माणसानें कंपनीच्या अडचणीचा उल्लेख करायला सुरुवात केली, तोंच वेळ संपल्याचें संगीत वाजूं लागलें. वाघ मात्र अजून ताजातवाना आहे. २०२३ सालीं अमेरिकेंत मे महिन्यांत लेखकांनीं आणि जुलैंत नटांनीं संप पुकारला. त्यांचें भांडण न्याय्यच होतें. पण तिकडचीं चित्रीकरणें थांबलीं आणि कांहीं महिन्यांनीं इकडे माझ्या भाचीच्या कचेरींत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. दिवाळीला यायचें ती आधींच घरीं आली आणि दोन महिने राहिली. ताई खूष होती. तिला कारण उशिरां कळलें.

त्या दोन महिन्यांत भाचीनें मला 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) हा जपानी चित्रपट घरींच दाखविला. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनीं चमत्कारांचें कामही स्वतःच्याच देखरेखीखालीं केलें. सुमारें पस्तीस माणसांनीं सहाशेंहून अधिक दृश्यें रचलीं, आणि २०२४ सालीं त्यांना त्याबद्दल ऑस्कर मिळालें. पस्तीस म्हणजे आपल्या एका पंगतीचीं माणसें! पण मला त्याहून विशेष वाटली ती कथा. आत्मघाती हल्ल्यासाठीं पाठविलेला एक तरुण वैमानिक, विमान बिघडल्याचें निमित्त करून, मरण टाळतो, आणि जगल्याची लाज आयुष्यभर वाहतो. राक्षस येतो, शहर पडतें, सर्व कांहीं रीतसर होतें. पण शेवटीं चित्रपट म्हणतो तें एवढेंच, कीं मरूं नकोस, जग. मरण स्वस्त झाल्याची माझी तक्रार कोणीतरी दूरदेशीं ऐकली असावी, असें मला वाटलें.

पुढें तिला पुन्हा काम मिळालें, आणि जिच्यावर तिनें सात महिने रात्रीच्या पाळ्या केल्या होत्या ती मारामारी अखेर पडद्यावर आली. आम्ही सहकुटुंब गेलों. ताईनें नवी साडी नेसली होती. चित्रपट सामान्यच होता. दोन तास मी घड्याळाकडे पाहत होतों. अचानक भाचीनें माझें मनगट धरलें. "आतां." नायक एका छपरावरून दुसऱ्या छपरावर झेपावला. फार तर चार सेकंद. मीं डोळे ताणून पाहिलें. दोर नव्हता. मागें संध्याकाळचें आभाळ होतें, एक पाण्याची टाकी होती, दोरीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते. "तो सदरा माझा," ती कुजबुजली. "तिथं दोर आडवा आला होता." मीं आयुष्यांत पुष्कळ निसर्गदृश्यें पाहिलीं आहेत, पण तितक्या आदरानें कोणताही सदरा पाहिलेला नाहीं.

शेवटचा शत्रू पडला. लोक उठले. माझा हात संवयीनें पिशवीकडे गेला, तशी ती म्हणाली, "मामा, तूं उठूं नकोस." अक्षरें वर सरकूं लागलीं. नट, त्यांच्याऐवजीं उड्या मारणारे, मोटारी चालविणारे, स्वैंपाकी, हिशेबनीस. एवढीं माणसें लागतात हें मला प्रथमच कळत होतें. ताईनें चष्मा लावला आणि फोटो काढायला फोन धरून ती सज्ज झाली. मग कंपन्यांचीं नांवें, त्यांखालीं बारीक अक्षरांत चार चार रकाने. त्यांत जोशी, शेख, नायर, रेड्डी अशीं आपलीं नांवें चमकून जाऊं लागलीं. भाचीची कंपनी आली. रकाने वर सरकले. ताईचा फोन तसाच वर धरलेला राहिला. पुढची कंपनी आली, मग गाण्यांची यादी, मग आभार, आणि दिवे लागले.

"यादीला मर्यादा असते," भाची म्हणाली. "कंपनीला तेवढींच नांवं मिळतात. पुष्कळांचीं येत नाहींत." ताईनें चष्मा डबींत ठेवला. "पुढच्या वेळेला येईल," ती म्हणाली, आणि झाडूवाल्या मुलाला वाट करून द्यायला आम्ही पाय वर घेतले.

तेव्हांपासून मी कोणत्याही चित्रपटाला शेवटपर्यंत बसतों. सगळीं नांवें वाचून होत नाहींत. डोळ्यांना तेवढा वेग नाहीं. पण ज्यांचीं आलीं आहेत त्यांच्यासाठीं, आणि ज्यांचीं आलीं नाहींत त्यांच्यासाठीं, एवढा वेळ खुर्ची धरून ठेवणें मला जमण्यासारखें आहे. माझ्या मारामारीविषयींच्या तक्रारी कायम आहेत. इमारत पडली कीं मी अजूनहि बिऱ्हाडकरूंची चौकशी करतों. पण आतां ती इमारत एकेका विटेनें कोणी रचली, आणि तिच्या पडण्याची धूळ कोणीं रात्रभर जागून उडविली, हीही चौकशी मनांत येते.

हा लेख लिहून झाल्यावर मीं तो भाचीला वाचून दाखविला. तिचें नांव निदान ह्या मासिकांत तरी छापून यावें, अशी माझी मनापासून इच्छा होती, आणि मीं तें पहिल्याच परिच्छेदांत ठळकपणें घातलें होतें. तिनें सारें ऐकून घेतलें, सदऱ्याच्या ठिकाणीं थोडी हंसली, आणि म्हणाली, "मामा, नांव काढ. आणि सिनेमाचंही काढ. कागदावर सही करून दिलीय मीं."

मीं दोन्ही पुसून टाकलीं. जागा भरून काढली आहे. सांधा दिसत नसावा.